सागरसहल आणि साथीचा ताप

समुद्राची हवा प्रकृतीस मानवते, हा समज पुष्कळ जुना आहे. छातीचा विकार जडलेल्या रोग्यानें कांहीं महिने जहाजावर काढावे, असा सल्ला एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय डॉक्टर देत असत. हल्लीं आपल्याकडील सुखवस्तु कुटुंबांतही मुलांचीं लग्नें उरकल्यावर आईवडिलांनीं आठपंधरा दिवस सागरसहलीस जाऊन यावें, अशी रीत पडूं लागली आहे. परंतु या सहलीहून परततांना सामानासोबत ताप आणि खोकला घेऊन येणारे उतारूही थोडे नसतात. हवा इतकी निर्मळ, आणि आजार मात्र छातीचाच, हें कोडें काय आहे? आम्हांस वाटतें, त्याचें उत्तर इतिहासांत चांगलें सांपडतें.

केवळ मौजेसाठीं मोठें जहाज फिरविण्याची कल्पना फार पुरातन नाहीं. हिवाळ्यांत अटलांटिक महासागर खवळला म्हणजे उतारू मिळेनासे होत, आणि हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचीं उत्तमोत्तम जहाजें बंदरांत नुसतीं पडून राहत. कंपनीचे चालक आल्बर्ट बालीन यांनीं यावर युक्ति काढली. त्यांनीं २२ जानेवारी १८९१ रोजीं ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हें जहाज दोनशेंहून अधिक उतारूंसह भूमध्य समुद्राच्या सहलीस धाडलें. आधुनिक सागरसहलीचा आरंभ बहुधा येथूनच धरतात. पुढें जहाजांवर नाट्यगृहें आलीं, पोहण्याचे हौद आले, आणि जहाज हें वाहन न राहतां तरंगतें शहर बनलें. शहर म्हटलें कीं शहराचे रोगही आलेच. फरक इतकाच, कीं या शहराच्या वेशीबाहेर पळून जाण्यास वाट नाहीं.

इन्फ्ल्युएंझाचा विषाणु शरीरांत शिरल्यापासून बहुधा एक ते चार दिवसांत ताप येतो, आणि ताप येण्याच्या सुमारें एक दिवस आधींपासूनच तो मनुष्य दुसऱ्यास रोग देऊं लागतो. म्हणजे बंदरावर धडधाकट दिसलेला उतारू तिसऱ्या दिवशीं भर समुद्रांत अंथरूण धरतो, आणि तोंवर तो अनेकांच्या पंक्तीस बसून गेलेला असतो. डेकवरचा वारा कितीही शुद्ध असो. माणसें जेवतात, निजतात आणि नाटकें पाहतात तीं आंत. तेथें एकाचा उच्छ्वास तोच दुसऱ्याचा श्वास होतो.

याचा भयंकर प्रत्यय १९१८ सालीं आला. ‘फाटरलांड’ हें जर्मनीचें प्रचंड आणि विलासी जहाज अमेरिकेनें १९१७ सालीं ताब्यांत घेतलें, त्याचें नांव ‘लेव्हायथन’ ठेविलें आणि त्यांतून फौजा नेण्यास आरंभ केला. २९ सप्टेंबर १९१८ रोजीं सुमारें ९,००० सैनिक घेऊन तें न्यूयॉर्कजवळील धक्क्यावरून फ्रान्सकडे निघालें. आजारी दिसले त्यांना निघण्यापूर्वींच उतरवून घेतलें होतें. तरीही ब्रेस्ट बंदर येईपर्यंत सुमारें २,००० जण आजारी पडले आणि कित्येक दगावले. जेथें चार वर्षांपूर्वीं धनिक उतारूंची बडदास्त राखली जात होती, तेथें आतां शुश्रूषेस माणसें पुरेनात. इन्फ्ल्युएंझाच्या मागोमाग न्युमोनिया येई, आणि मृत्यूचें कारण बहुधा तोच ठरे.

आपली मुंबईही या कहाणीबाहेर राहिली नाहीं. जून १९१८ मध्यें गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई प्रथम तापानें पडले. मे-अखेरीस आलेल्या एका जहाजानें रोग आणला, असें शहराचे आरोग्याधिकारी टर्नर यांचें म्हणणें होतें. जहाजावरील लोकांस तो मुंबईंतच जडला, असें सरकार म्हणे. जहाज आणि किनारा यांनीं एकमेकांकडे बोट दाखवावें, हा या रोगाच्या इतिहासांतील नेहमींचा प्रकार आहे. वाद चालू असतांच पावसाळ्याअखेर दुसरी लाट उसळली, आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं शहरांत ७६८ मृत्यू नोंदले गेले.

मग जहाज अडवावें कीं सोडावें? त्याच वर्षीं दक्षिण पॅसिफिक महासागरांतील दोन शेजाऱ्यांनीं या प्रश्नाचीं दोन उत्तरें दिलीं. पश्चिम सामोआ न्यूझीलंडच्या ताब्यांत होता आणि पूर्व सामोआ अमेरिकेच्या. ऑकलंडमध्यें साथ पेटलेली असतां तेथून निघालेलें ‘टालून’ हें जहाज ७ नोव्हेंबर १९१८ रोजीं पश्चिम सामोआच्या आपिया बंदरास लागलें. जहाजावर आजारी उतारू होते, तरी त्यास मज्जाव झाला नाहीं. पुढील कांहीं आठवड्यांत सुमारें ८,५०० माणसें, म्हणजे दर पांचांत एकाहून अधिक, मृत्यूमुखीं पडलीं. अमेरिकन सामोआंत गव्हर्नर जॉन पॉयर यांनीं कडक क्वारंटीन बसविलें होतें. तेथें या साथीनें एकही मनुष्य दगावला नाहीं. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलेन क्लार्क यांनीं २००२ सालीं सामोआची जाहीर क्षमा मागितली, ती या घटनेबद्दलही होती.

तो युद्धाचा काळ होता, सुखाच्या सहलींत असें होत नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु १९९४ सालीं न्यूयॉर्कहून बर्म्युडास जाणाऱ्या ‘होरायझन’ जहाजाच्या नऊ फेऱ्यांतील ५० उतारूंना लेजिओनेअर्स या नांवाचा न्युमोनिया झाल्याचें आढळलें. हा रोग दूषित पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून फुप्फुसांत उतरतो. शोधाअंतीं दोष निघाला तो उतारूंच्या सुखासाठीं केलेल्या ऊन पाण्याच्या हौदांत. १९९७ च्या उन्हाळ्याअखेर न्यूयॉर्क आणि मॉन्ट्रियल यांमधील सहलींत, आणि पुढल्या वर्षीं अलास्काच्या सहलींत, इन्फ्ल्युएंझाच पसरला. उत्तर गोलार्धांत तो या रोगाचा ऋतु नव्हे. पण त्या महिन्यांत ऑस्ट्रेलियांत हिवाळा असतो, आणि जहाजावर दोन्ही गोलार्धांचे उतारू एकाच टेबलाशीं बसतात.

क्वारंटीन हा शब्द चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला. रागुसा या बंदरानें १३७७ सालीं आगंतुकांना तीस दिवस दूर ठेवण्याचा नियम केला. त्या तिसांचे पुढें अन्यत्र चाळीस झाले. या उपायानें किनारा वांचतो. पण जहाजांत अडकलेल्यांचें काय? या प्रश्नाचें भान जगास २०२० सालीं नव्यानें आलें. कोविड हा इन्फ्ल्युएंझाहून निराळा, परंतु तसाच श्वासावाटे पसरणारा रोग. ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजांतून हाँगकाँगला उतरलेल्या एका उतारूस तो झाल्याचें कळलें. जहाज ३ फेब्रुवारीस योकोहामास आलें, आणि ५ तारखेपासून उतारूंना आपापल्या खोलींत राहण्याचा हुकूम झाला. जहाजावरील ३,७११ माणसांपैकीं ७१२ जणांना लागण झाली. उतारू दारें लावून बसले, पण त्यांच्या दाराशीं ताट कोणी आणावयाचें? तें काम नोकरवर्गाकडेच राहिलें. ते एका खोलींत अनेक निजत आणि एकत्र जेवत. आरंभीं आजारी ठरलेल्या २० नोकरांपैकीं १५ जण भोजनव्यवस्थेवरचे होते. नोकरवर्गांत शंभराहून अधिक भारतीय होते, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस ११९ भारतीयांना विमानानें दिल्लीस आणण्यांत आलें. ज्या गोमंतकीय घरांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून राबले, त्यांना ती काळजी नवी नव्हती.

या साऱ्या घटनांतून आम्हांस एक गोष्ट ठळक दिसते. रोग जहाजावर चढतो तो विषाणूमुळें. पसरतो तो बऱ्याच अंशीं मौनामुळें. उतारू आपला ताप लपवितो, कारण वर्षभर सांठविलेल्या पैशाची सहल बुडेल. नोकर लपवितो, कारण पगार बुडेल. आणि कप्तान लपवितो, कारण बंदर चुकेल. म्हणून खरें बोलणाऱ्याचें नुकसान कमी करणें हाच यावर मोठा उपाय होय. आजारी उतारूस पैसे परत मिळावे, आजारी नोकरास भरपगारी विश्रांति मिळावी, आणि खरी बातमी देणाऱ्या जहाजास बंदरानें मदत पाठवावी. व्यक्तीनें करण्याजोगें तर अगदीं थोडें आहे: प्रयाणापूर्वीं दोन आठवडे इन्फ्ल्युएंझाची लस टोचून घ्यावी, ताप येतांच जहाजावरील डॉक्टरास कळवावें, आणि पंक्तीस न जातां खोलींत राहावें. समुद्राची हवा खरोखरच चांगली आहे. ती तशीच शेजाऱ्याच्याही वांट्यास यावी, एवढी काळजी प्रत्येकानें वाहिली पाहिजे.