भाऊसाहेबांचा देह

पनवेलहून चौकावरून खोपोलीस जाणाऱ्या जुन्या रस्त्यानें आतां थोडेच लोक जातात. द्रुतगति मार्गानें मोटारी घांट चढून केव्हांच पलीकडे उतरतात. तरी खोपोलीच्या तळ्याकाठीं घटकाभर बसावयास सवड असेल, तर वाचकांनीं एक गोष्ट आठवावी, अशी आमची विनंति आहे. हें तळें नाना फडणिसांनीं बांधविलेलें आहे. आणि ह्याच बोरघांटानें १७७६ सालीं, पानिपतावर पंधरा वर्षांपूर्वीं पडलेला एक मनुष्य जणुं पुनः जिवंत होऊन, पुण्यावर फौज घेऊन चालून आला होता!

तो मनुष्य अर्थात् खरा नव्हता. पण त्यास खरा मानणारे हजारों लोक निघावे, ह्याचें कारण शोधूं गेल्यास १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळकडे जावें लागतें. त्या दिवशीं विश्वासराव गोळी लागून पडले. तें पाहून सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दींत शिरले. पुढें काय झालें, तें पुण्यास निश्चयानें कोणास सांगतां येईना.

प्रेतांचा शोध मात्र झाला होता, आणि तो कसा झाला, हें सांगणारा एक साक्षीदारही आहे. सुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज पंडितानें पुढें सुमारें वीस वर्षांनीं फारसींत त्या लढाईची हकीकत लिहिली. जेमतेम एक रात्र लोटलेल्या त्या रणांत तो व मराठ्यांचे माहितगार वकील हिंडले. प्रेतांचे ३२ ढीग त्यांनीं मोजले, असें तो लिहितो. विश्वासरावांचा देह आधींच दुराण्यांच्या हातीं पडला होता. भुसा भरून तो काबुलास न्यावा, अशी शिपायांची इच्छा. सुजानें रदबदली करून तो सोडविला. भाऊंचा शोध करतां करतां एका ठिकाणीं मुंडकें नसलेलें धड सांपडलें. जवळच थोडे मोतीं पडले होते. शिर नाहीं, तेव्हां ओळख पटवावी कशी? वकिलांनीं खुणा सांगितल्या: मुजफ्फरखान गारद्यानें पूर्वीं केलेल्या कट्यारीच्या वाराचा पाठीवरचा वण, पायावरची एक शुभ रेषा, आणि रोज बाराशें सूर्यनमस्कार घालून गुडघ्यांवर व हातांवर पडलेले घट्टे. त्या जुळल्या. दुसऱ्या दिवशीं शिरही एका दुराण्याजवळ मिळालें, आणि त्याचेंही दहन झालें.

ही साक्ष खोटी मानण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. वीस वर्षांत आठवणीला थोडे धुमारे फुटले असतील, इतकेंच. परंतु पुण्यास तिचा उपयोग काय? शेंकडों कोसांवर परक्यांच्या छावणींत ओळखलेल्या त्या धडावर पुण्याच्या घरांतलीं माणसें विश्वास कशीं ठेवतील? नानासाहेब पेशवे त्याच वर्षीं, २३ जून रोजीं, पर्वतीवर वारले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनीं तर पति गेल्याचें कधीं मानलेंच नाहीं. जनकोजी शिंद्यांची गोष्ट तर ह्याहून कठीण. जखमी होऊन ते कैदेंत सांपडले आणि गुप्तपणें मारले गेले, असें तोच काशीराज सांगतो. त्यांस दहन तरी कोठें मिळालें?

अशा घरांत तोतया शिरावयास वेळ लागत नाहीं. सुखनिधान नांवाचा कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून उत्तरेंत मिरवूं लागला. माधवरावांच्या कारकीर्दींत त्यास पकडून पुण्यास आणलें, चौकशी झाली, आपण भाऊ नव्हे हें त्यानें कबूल केलें, आणि पुढें तो किल्ल्याकिल्ल्यांतून बंदींत राहिला. १७७६ सालीं रत्नागिरीस सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे ह्यानेंच त्यास सोडून पुढारी केलें. कोंकणाचा बराच भाग त्याच्या हातीं गेला, तो घांट चढून राजमाचीपर्यंत आला. तेथें पुणेंकरांनीं त्यास तहाच्या बोलण्यांत गुंतवून अकस्मात् छापा घातला. पळून तो दर्यामार्गें गेला आणि कुलाब्यास राघोजी आंग्र्यांच्या हातीं सांपडला. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचें बंड’ ह्या नाटकामुळें ही कथा मराठी रसिकांस ठाऊक आहे. पण नाटक संपल्यावर आमच्या मनांत राहतात ते नाना. अठरा वर्षांचे नाना स्वतः पानिपतास होते. वेष पालटून ते निसटले, पत्नीही पुढें भेटल्या, पण मातोश्री परत आल्या नाहींत. आपलें कोणी तेथून कधीं तरी येईल, ही आशा काय असते, हें त्यांच्याहून अधिक कोणास समजणार? आणि त्याच नानांस तोतयास खोटा ठरवून १८ डिसेंबर १७७६ रोजीं हत्तीच्या पायाशीं द्यावें लागलें.

पार्वतीबाई १७७४ त नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंबरोबर पुरंदरावर गेल्या होत्या. तोतयाचें सारें प्रकरण त्यांच्या हयातींतच झालें. १७८३ सालीं त्या वारल्या. तोंपर्यंत त्यांच्या कपाळीं कुंकूं होतें.