न झालेल्या जखमेची नोंद

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा, औषधांचा आणि यंत्रांचा लिहिला जातो. भारतातील शुश्रूषेच्या इतिहासातील एक महत्त्वाची नोंद मात्र न घडलेल्या गोष्टीची आहे, आणि ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात सापडते.

कर्नाटकातील हळदीपूरच्या अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर पाशवी हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या कायमच्या परावलंबी झाल्या. पुढची ४१ वर्षे त्यांची शुश्रूषा त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी केली. बरोबरीच्या सहकारी निवृत्त झाल्या. घटनेच्या वेळी जन्मही न झालेल्या मुलींनी ते काम पुढे चालवले.

या ३७ वर्षांत रुग्णाला एकदाही शय्याव्रण झाला नाही, अशी नोंद २०११ च्या निकालपत्रात आहे.

या वाक्याचे वजन भौतिकशास्त्राच्या भाषेत नीट कळते. केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब अत्यल्प असतो. युजीन लँडिस यांनी १९३० मध्ये नखाच्या कडेच्या त्वचेत तो प्रत्यक्ष मोजला. धमनीकडील टोकाशी तो पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर इतका भरला. निश्चल पडलेल्या माणसाचे वजन माकडहाड, टाच, नितंब अशा मोजक्या ठिकाणी एकवटते आणि तेथील दाब ही मर्यादा सहज ओलांडतो. रक्त पोहोचेनासे होते, पेशी मरू लागतात. दाब जितका अधिक, तितका जखमेला लागणारा वेळ कमी, हे मायकेल कोसिआक यांनी १९५९ मध्ये प्रयोगांनी दाखवले. उपाय एकच: दाबाची जागा वेळेवर बदलणे. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा रूढ नियम धरला, तर दिवसाला १२ वेळा. ३७ वर्षांत १ लाख ६२ हजारांहून अधिक वेळा. इतके काम कोणा एकीच्या हातून होणे शक्य नाही. प्रत्येक पाळीने पुढच्या पाळीला दिलेल्या नोंदीवर ते उभे असते.

आणीबाणीत हीच साखळी कामी येते. जो रुग्ण ‘मला बरे वाटत नाही’ असे सांगू शकत नाही, त्याचे आजारपण प्रथम न संपलेल्या घासात, बदललेल्या आवाजात, तापलेल्या हातात दिसते. आणि ते ओळखण्यासाठी कालचा घास किती होता हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. सप्टेंबर २०१० पर्यंत अरुणा यांना तोंडाने भरवले जात असे. त्या महिन्यात त्यांना मलेरिया झाला, अन्न घटले आणि नाकातून पोटापर्यंत नळी घालावी लागली. त्या दुखण्यातून त्या वाचल्या. जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांना तपासले.

पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांच्या वतीने केलेली दयामरणाची याचिका ७ मार्च २०११ रोजी फेटाळली गेली. जीवरक्षक उपचार काढून घेण्यास काटेकोर अटींवर मुभा देणारे तत्त्व देशाला याच निकालाने दिले. परंतु अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे बोट दाखवले. रोजच्या शुश्रूषेतून आलेली जवळीक कायद्याने ग्राह्य मानली. त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. अशा जगण्याला काय म्हणावे, हा वाद मात्र त्या निकालाने मिटला नाही, आणि तो मिटावा इतका सोपाही नाही.

मे २०१५ मध्ये अरुणा यांना न्यूमोनिया झाला. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र लावूनही १८ मे रोजी त्यांचे निधन झाले.

शुश्रूषेचे यश मोजायला आपल्याकडे फारशी साधने नाहीत. बरे झालेल्यांची संख्या मोजता येते. जखम न झालेली पाठ कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. वृद्धांची संख्या वाढत असलेल्या या देशात दीर्घकालीन शुश्रूषेची गरज वाढतच जाणार आहे. तिच्यासाठी यंत्रे विकत घेता येतील. पाळीमागून पाळी एकमेकींवर विसंबणारी माणसे मात्र घडवावी लागतील.