दारूचं माप: उदगीरपासून इलेक्ट्रॉनिक काट्यापर्यंत

३ फेब्रुवारी १७६० रोजी आपल्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा त्यात मोठा वाटा. त्या काळी तोफेत आणि बंदुकीत दारू मापाने भरत. काळी दारू थोडी कमीजास्त झाली तरी सहसा निभावून जाई.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूररहित दारू तयार केली आणि ते दिवस संपले. ही दारू कितीतरी जोरदार. जास्त पडली तर बंदूक हातातच फुटू शके! म्हणून नेमकं वजन महत्त्वाचं झालं. त्याचं एकक ग्रेन. एका तोळ्यात १८० ग्रेन, म्हणजे नांदेड-लातूरच्या सराफाच्या गुंजेच्या जेमतेम निम्मा.

आज काडतुसं भरणाऱ्या परवानाधारकांकडे इलेक्ट्रॉनिक यंत्र नेमकी दारू तोलून टाकतं. ते जुनं झालं की दुरुस्त करायचं की बदलायचं? आपण सराफासारखं करावं: प्रमाणित वजन ठेवून पाहावं. साफसफाई करून, काटा नव्याने जुळवूनही तेच वजन दर वेळी वेगळं दिसलं, तर यंत्र बदलावं. यंत्र चालतंय म्हणजे ते खरं सांगतंय, असं नाही.