आधी झाड, मग रंगखडू

बालवाडीत ताई झेरॉक्सचे कागद वाटतात, मुलं रंगखडूंच्या डब्यावर तुटून पडतात आणि वर्ग थोडा वेळ गप्प होतो. छापील रेघांच्या आत रंग भरण्याचं हे काम इतकं अंगवळणी पडलंय, की ते आलं कुठून हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं. कारण त्याच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक फुलं जशी असतात तशी रंगवण्यासाठीच होतं.

1760 साली लंडनच्या रॉबर्ट सेयर या प्रकाशकानं ‘द फ्लोरिस्ट’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात 60 पानांवर फुलांची नुसती रेखाचित्रं होती, कुठलं फूल कधी उमलतं त्या क्रमानं लावलेली. सोबत त्यांच्या रंगांचं वर्णन दिलेलं. रंग मात्र वाचकानं भरायचे. ते पुस्तक मोठ्यांसाठी होतं. मुलांची रंगवही पुढे शंभरेक वर्षांनी आली. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉक्लिन ब्रदर्सनी 1880च्या आसपास केट ग्रीनअवे यांची चित्रं घेऊन काढलेली वही ही त्यातली पहिली मानली जाते. 1903मध्ये अमेरिकेत आठ क्रेयॉनची क्रेयोला डबी पाच सेंटला मिळू लागली आणि पाणी-कुंचल्याचा पसारा न मांडता अख्ख्या वर्गाला रंगवता येऊ लागलं. आपल्याकडे दांडेकर बंधूंनी 1931मध्ये मुंबईत शाईच्या पुडीपासून उद्योग सुरू केला. त्यांच्याच कॅमलिन कंपनीनं पुढे रंगांच्या डब्या घरोघर पोचवल्या.

रंगकामाला शिक्षणाचा अर्थ दिला तो मारिया माँटेसरी यांनी. त्यांचं पहिलं बालगृह 1907मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत उघडलं. मुलांना झाडांची रेखाचित्रं रंगवायला दिली जात. एकानं खोड लाल रंगवायला घेतलं. बाई त्याला टोकणार होत्या; माँटेसरींनी त्यांना थांबवलं. मुलानं अजून झाड पाहिलेलंच नाही, एवढंच तो लाल रंग सांगत होता. मूल रोज इतरांबरोबर बागेत जात राहिलं, रंग ओळखण्याचे खेळ खेळत राहिलं. झाडाची चित्रंही त्याला मिळत राहिली. एके दिवशी त्यानं आपणहून तपकिरी पेन्सिल उचलली आणि खोड रंगवलं. फांद्या आणि पानं हिरवी केली. पुढे फांद्याही तपकिरी झाल्या, हिरवी उरली ती फक्त पानं. चूक कुणी दाखवली नव्हती. नजर तयार झाली होती.

हा विचार मराठी मुलखात खेड्यापर्यंत नेला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. 1945मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. महागडं साहित्य परवडणारं नव्हतं. म्हणून पानं, बिया, शिंपले, खडे हेच शिकण्याचं साहित्य झालं. 1975पासून सरकारी योजनेतून गावोगाव पोचलेल्या अंगणवाड्यांमागे त्यांच्या कामाची पुण्याई आहे.

रंगवहीवर आक्षेपही आले. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञांनी 1947मध्ये मांडलं, की दुसऱ्यानं काढलेल्या रेघा भरता भरता मुलाचा स्वतःच्या रेघेवरचा विश्वास उडतो. आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तर आपल्या अंगणात आहे. चैत्रांगणात चंद्र, सूर्य, कमळ, कासव काढणाऱ्या बाईची रेघही तिची असते आणि रंगही तिचाच. मुलांनाही तसंच करू द्यावं. पानाखाली कागद नको, कागदाखाली पान ठेवावं आणि वरून खडू आडवा घासावा: शिरा आपोआप उमटतात, कडा मुलानं स्वतः गिरवायची.

आपल्या अष्टमी गावात यासाठी काय कमी आहे? कुंडलिका नदीच्या अलीकडे अष्टमी, पलीकडे रोहा, भोवती भातखाचरं आणि डोंगर. तरी मुलांसमोर येतात ते सफरचंद, ट्यूलिप आणि बर्फाचा माणूस. इथली रंगवही इथल्या ऋतूंच्या क्रमानं लावता येईल. शिमग्याच्या सुमारास पळस आणि काटेसावर, वैशाखात जांभळी ताम्हण, गौरींच्या वेळी तेरडा. पावसाळ्यात कुंपणावर कळलावी फुलते. तिची कळी हिरवट, उमलताना पाकळी पिवळी आणि पुढे लालभडक. एका खडूनं हे फूल रंगवताच येत नाही. मुलाला थांबून ठरवावं लागतं, आपण कुठल्या दिवसाचं फूल पाहिलं. कळलावी विषारी असते, म्हणून ती लांबूनच दाखवावी. रोहा आणि मुरूड तालुक्यांत पसरलेल्या फणसाड अभयारण्यातला शेकरूही वहीत हवा. खारीसारखे पट्टे त्याला नसतात. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट.

खडूंनाही पर्याय आहेत. हळद कालवून पिवळा, गेरूनं तांबडा, कोळशानं काळा. हळदीत जरासा चुना ताईंनी मिसळून दाखवला, की पिवळ्याचा लाल होताना मुलं डोळे विस्फारून बघतात. चुन्याला त्यांचा हात मात्र लागू देऊ नये.

एवढं केल्यावर कागद तपासताना रंग रेघेबाहेर गेला का, हे पाहू नये. हे झाड कुठं पाहिलंस, त्याच्यावर कोण बसलं होतं, असं विचारावं. मुलाला सांगण्यासारखं काही असेल, तर त्या दिवसाचं रंगकाम झालं.