चर्चमधील बाक

चर्च म्हटले की लाकडी बाकांच्या समांतर ओळी डोळ्यांपुढे येतात. हे बाक प्रारंभापासूनच तेथे असावेत, असा कोणाचाही समज होईल. वस्तुतः ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या हजार-बाराशे वर्षांत सामान्य उपासकांसाठी चर्चमध्ये आसनांची सोय बहुधा नसेच. लोक उभे राहत, गुडघे टेकीत, इकडून तिकडे फिरतही असत. वृद्ध व दुर्बळ यांच्यासाठी भिंतीलगत दगडी ओटे असत, तेवढेच. इंग्लंडात चौदाव्या-पंधराव्या शतकांत लाकडी बाकांचा प्रसार झाला. पुढे धर्मसुधारणेनंतर उपासनेत प्रवचनाला अग्रस्थान मिळाले, तेव्हा तर बाकांवाचून भागेना. आपल्याकडे कीर्तनाचा श्रोता सभामंडपात मांडी घालून तासन्‌तास बसतो. इंग्लंडातील थंडगार फरसबंदीवर ते कसे जमावे?

बाक आला आणि त्याच्या मागोमाग मालकीही आली. वास्तविक ग्रामचर्चमधील जागांवर तेथील सर्व रहिवाशांचा हक्क, असा इंग्लंडचा कायदा. परंतु त्या वाटून देण्याचे काम चर्चच्या कारभाऱ्यांचे, आणि ते माणसाचा दर्जा पाहून वाटीत. सतराव्या-अठराव्या शतकांत मातबर घराण्यांनी उंच फळ्यांची, दार असलेली, क्वचित कुलूपही लावता येईल अशी बंदिस्त आसने करविली. एखाद्या जमीनदाराच्या आसनात तर शेकोटीसुद्धा असे! जागा भाड्याने देण्याचा प्रघातही अनेक ठिकाणी पडला. गरिबाच्या वाट्याला मागची ओळ, नाही तर मधल्या वाटेवरील साधे बाक. १८१८ साली पार्लमेंटने नव्या चर्चसाठी दहा लक्ष पौंड मंजूर केले, तेव्हा निदान एक पंचमांश जागा विनाभाड्याच्या असाव्यात, अशी अट घातली. औदार्य म्हणून घातलेली ही अटच उरलेल्या चार पंचमांशांची कहाणी सांगून जाते.

१८५१ च्या मार्च महिन्यात इंग्लंड-वेल्समध्ये उपासकांची गणना झाली. श्रमिक वर्ग चर्चपासून दूर का राहतो याची जी कारणे होरेस मान यांनी आपल्या अहवालात दिली, त्यांत आसनव्यवस्थेतील हा उच्चनीच भेदही होता. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डन सोसायटीने तर बंदिस्त आसनांविरुद्ध मोहीमच उघडली होती. आज दिसणारे मोकळे, एकसारखे बाक बऱ्याच अंशी त्या चळवळीचे फळ होत.

इंग्लंडात जागेचा प्रश्न पैशाचा होता. अमेरिकेत तो वर्णाचाही झाला. फिलाडेल्फिया येथील सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये रिचर्ड ॲलन हा कृष्णवर्णी उपदेशक पहाटे पाच वाजता प्रवचन करी. त्याच्यामुळे कृष्णवर्णी उपासकांची संख्या वाढू लागली, तशी त्यांना प्रथम भिंतीकडेच्या जागा दाखविण्यात आल्या आणि नंतर वरच्या सज्जात जाण्याची आज्ञा झाली. हा सज्जा बांधण्यासाठी त्यांनीही सढळ हाताने वर्गणी दिली होती, हे विशेष. एका रविवारी ती मंडळी सज्जात जाऊन बसली आणि प्रार्थनेसाठी त्यांनी गुडघे टेकले. ज्या जागा त्यांनी घेतल्या त्या त्यांच्यासाठी नाहीत, असे म्हणत एका विश्वस्ताने ॲबसलोम जोन्स याला धरून उठविण्यास आरंभ केला. प्रार्थना संपेपर्यंत थांबावे, एवढेच जोन्सचे मागणे होते. तेही मान्य झाले नाही. प्रार्थना संपताच सारी मंडळी एकजुटीने चर्चबाहेर पडली.

ॲलनने आपल्या आठवणीत हा प्रसंग १७८७ सालचा म्हणून नोंदविला आहे. सज्जाच्या बांधकामाचा काळ पाहून अनेक इतिहासकार तो १७९२ च्या सुमाराचा मानतात. ॲलन आणि जोन्स दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. १७९४ मध्ये दोघांनी दोन स्वतंत्र चर्च उभी केली: जोन्सचे सेंट थॉमस आणि ॲलनचे बेथेल. १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला आणि ॲलन त्याचा पहिला बिशप झाला. बेथेलसाठी ॲलनने १७९१ मध्ये घेतलेली जमीन तेव्हापासून आजतागायत कृष्णवर्णीयांच्याच मालकीची आहे. सध्याची वास्तू तेथील चौथी. तिच्या तळघरात ॲलनची समाधी असून वरच्या मजल्यावर बाकांच्या ओळी आहेत.