तारेवरची कसरत आणि आधुनिक रेखाचित्र

बीड जिल्ह्यातील गावोगावच्या यात्रांतून डोंबाऱ्याचा खेळ जुन्या पिढीच्या चांगल्याच परिचयाचा होता. बांबूंच्या दोन कैच्या, त्यांवर ताणलेला दोर, खाली वाजणारे ढोलके आणि हातात आडवी काठी धरून दोरावरून चालणारी मुलगी, एवढाच त्याचा सरंजाम. पुढे इ. स. १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी भारतीय सर्कशीचा पाया घातला व कसरतीचे खेळ तंबूत आले. ‘तारेवरची कसरत’ हा वाक्प्रचार याच खेळांच्या दुनियेतला होय. मराठीत तो बिकट परिस्थितीतून वाट काढण्याचा वाचक झाला. यूरोपीय चित्रकलेत मात्र हीच कसरत रेषेच्या स्वरूपाचा विचार करण्यास निमित्त झाली.

पॉल क्ले याने १९२३ मध्ये दोरावरून चालणाऱ्या कसरतपटूचे शिलामुद्राचित्र केले. १९२५ च्या आपल्या अध्यापनविषयक पुस्तिकेत समतोलाचे तत्त्व विशद करताना त्याने पुन्हा हाच दृष्टान्त योजिला. अमेरिकन कलावंत अलेक्झांडर काल्डर हा शिक्षणाने अभियंता. १९२५ मध्ये एका नियतकालिकासाठी त्याने सर्कशीत बसून रेखाटने केली. पॅरिसला गेल्यावर १९२६ ते १९३१ या काळात त्याने तार, कापड, बूच इत्यादींची छोटी सर्कस रचली आणि स्वहस्ते तिचे खेळ करून दाखविले. तारेची त्याची शिल्पे म्हणजे अवकाशात काढलेल्या रेषाच. त्यानंतरच्या १९३१–३२ मधील शाईच्या चित्रांत कसरतपटूंची शरीरे केवळ बाह्यरेषेने साकारली आहेत. छायेचा आधार त्यांस नाही.

ही चित्रे गमतीची म्हणून दुय्यम मानण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. छायाप्रकाशाने चूक झाकता येते. एकट्या रेषेत ती झाकता येत नाही. दोरावरील पावलाचेही तसेच आहे. मराठीतील ‘तोलणे’ या क्रियापदात वजन करणे आणि ‘तोल’ या नामात समतोल, असे दोन्ही अर्थ नांदतात. काल्डरच्या पुढील हलत्या शिल्पांत वजनाच्या वाटणीतूनच समतोल सिद्ध होतो.

१९५५ मध्ये काल्डर अहमदाबादेस येऊन राहिला व तेथेही त्याने शिल्पे घडविली. त्याच्या कागदी कसरतपटूंना आज संग्रहालयांत स्थान आहे. यात्रेतील त्या मुलीच्या वाट्याला मात्र टाळ्या आणि चार नाणी आली. तिचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. रेषेतील खेळकरपणामागे शिस्त असते, हे एकदा मान्य केले म्हणजे दोरावरील शिस्तीलाही कला म्हणणे क्रमप्राप्त ठरते.