फ्रँचायझी उपाहारगृहांचे व्यापारचिन्ह व जाहिरातविषयक नियम

फ्रँचायझी उपाहारगृह म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या नावाने आणि त्याने घातलेल्या अटींनुसार चालवले जाणारे खाद्यपदार्थांचे दुकान होय. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. मूळ मालक व फ्रँचायझीधारक यांचे संबंध मुख्यतः भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ यांनुसार ठरतात. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील अशा दुकानांना याखेरीज अन्नसुरक्षा, ग्राहक संरक्षण, मराठी नामफलक व महानगरपालिकेचे नियमही लागू होतात. नावाची मालकी मूळ मालकाकडे राहते. फलक व जाहिरातीची जबाबदारी मात्र फ्रँचायझीधारकावरही येते.

पार्श्वभूमी

मुंबईत मालाड येथे २००१ साली सुरू झालेले 'जम्बोकिंग' आणि कल्याण येथे २००४ साली सुरू झालेले 'गोली वडापाव' या साखळ्या फ्रँचायझी पद्धतीने विस्तारल्या. याउलट मॅकडॉनल्ड्स व डॉमिनोजची या भागातील दुकाने स्थानिक व्यावसायिकांकडे नसून अनुक्रमे हार्डकॅसल रेस्टॉरंट्स व ज्युबिलंट फूडवर्क्स या परवानाधारक कंपन्या चालवतात.

व्यापारचिन्हाचा वापर

व्यापारचिन्हाची नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. उपाहारगृह सेवा वर्ग ४३ मध्ये मोडतात. 'वडापाव' हे पदार्थाचेच नाव असल्याने केवळ त्या शब्दावर कोणालाही मक्तेदारी सांगता येत नाही. संरक्षण मिळते ते त्याला जोडलेल्या वेगळेपण दर्शवणाऱ्या शब्दाला किंवा बोधचिन्हाला.

कलम ४८ नुसार अनुज्ञात वापरकर्त्याने केलेला वापर हा मालकाचाच वापर मानला जातो. त्यामुळे एखाद्या दुकानाने अनेक वर्षे कष्ट करून नावलौकिक मिळवला, तरी त्या नावावर दुकानदाराचा हक्क निर्माण होत नाही. नोंदणीकृत वापरकर्त्याला कराराच्या अधीन राहून उल्लंघनाविरुद्ध स्वतः दावा करता येतो. केवळ लेखी संमतीने वापर करणाऱ्याला कलम ५३ नुसार तो अधिकार नाही. शेजारी नक्कल करणारे दुकान उघडल्यास त्याला मूळ मालकावरच अवलंबून राहावे लागते.

नामफलक

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी फलक बंधनकारक झाला. मराठी अक्षरांचा आकार अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दुकानदारांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मूळ मालकाने ठरवून दिलेले बोधचिन्ह रोमन लिपीत असले, तरी ही अट टळत नाही. म्हणून नावाचे देवनागरी रूप व त्याची मांडणी करारातच निश्चित करणे सोयीचे ठरते.

आकाशचिन्हे व जाहिरात फलकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम २४४ व २४५ लागू होतात. ठाणे तसेच कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत अशा फलकांसाठी आयुक्तांची लेखी परवानगी लागते.

जाहिरातीतील दावे

अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील कलम ५३ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यास किंवा तीत सहभागी असणाऱ्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वयेही दंडाची तरतूद आहे. दहा किंवा अधिक ठिकाणी दुकाने असलेल्या साखळ्यांनी पदार्थसूचीवर उष्मांक नमूद करणे आवश्यक आहे. एकट्या दुकानाला लागू नसलेला हा नियम साखळीत सामील झाल्यावर लागू होऊ शकतो.

कराराची समाप्ती

करार संपल्यावर फलक, वेष्टने, गणवेश व समाजमाध्यमांवरील नाव यांचा वापर थांबवावा लागतो. तो चालू ठेवल्यास व्यापारचिन्हाचे उल्लंघन होते. करार चालू असताना प्रतिस्पर्धी व्यवसायावर घातलेले बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला खटल्यात वैध मानले. करार संपल्यानंतरचे तसे बंधन मात्र करार अधिनियमाच्या कलम २७ मुळे सामान्यतः टिकत नाही. त्यामुळे माजी फ्रँचायझीधारक सामान्यतः त्याच गाळ्यात स्वतःच्या नावाने वडापाव विकू शकतो. मात्र त्याचे नवे नाव किंवा सजावट जुन्या साखळीचा भास निर्माण करणारी नसावी.